आधी पॉलिसी परत करा, बेल्टचं मग बघू

सोलापूरहून एका ताईंचं पत्र आलं आहे. शाळेच्या गणवेशांचा त्यांचा घरगुती कारखाना आहे: चार शिलाई मशिन, एक ओव्हरलॉक, मदतीला दोघी बायका. लो-वेस्ट जीन्स घातली किंवा साडी बेंबीखाली नेसली की काठावर पोटाची वळकटी दिसते. ती दिसू नये म्हणून त्यांनी आतून घालायचा चार इंच रुंद पॉवरनेटचा, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या घट्ट जाळीदार कापडाचा, बेल्ट बनवला आहे. तो वर गुंडाळला जाऊ नये म्हणून आतल्या बाजूला सिलिकॉनची पट्टी लावली आहे. मैत्रिणींना आवडला. आता 12 तोळे सोनं गहाण ठेवून 6 लाखांचं कर्ज घ्यायचं आणि त्याच्या जोरावर मशिन आणि 5,000 बेल्टचा माल करायचा, असा बेत आहे. घेऊ का कर्ज, एवढंच विचारलं आहे.

आणि पत्राच्या शेवटाकडे, जाता जाता, हे वाक्य: "बँकेतले साहेब म्हणाले कर्जाचं काम लवकर होईल, म्हणून मुलीच्या नावानं वर्षाला 1 लाखाची पॉलिसी काढली. तिची पीडीएफ गेल्या आठवड्यात मेलवर आली."

ताई, पत्र वाचलं त्याच दिवशी तुम्हांला मेल केला आहे. इथं लिहितो आहे ते बाकीच्यांसाठीही. आयुर्विमा पॉलिसीची कागदपत्रं हातात पडल्यापासून 30 दिवसांत ती कारण सांगून परत करता येते. मेलवर आलेली पीडीएफही कागदपत्रंच. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याची किरकोळ रक्कम कापून बाकी पैसे परत मिळतात. अर्ज विमा कंपनीला थेट करा, बँकेतल्या साहेबांमार्फत नको. ते "बघतो, पाठवतो" म्हणत महिना घालवतील. लेखी द्या, पोच घ्या. कंपनीनं टोलवाटोलवी केली तर आधी तिच्याच तक्रार विभागाकडे आणि तिथं दाद मिळाली नाही तर विमा लोकपालांकडे जाता येतं. त्यांचं कार्यालय पुण्यात आहे.

आता ही घाई का? 10 वर्षं लाख-लाख भरायचे आणि 15 व्या वर्षी 16 लाख मिळणार, असं तुम्हांला सांगितलं आहे. 10 चे 16 ऐकायला गोड वाटतात. हिशेब केला तर परतावा वर्षाला जेमतेम साडेचार टक्के पडतो. मुलगी 7 वर्षांची आहे, म्हणजे पोस्टात तिचं सुकन्या समृद्धी खातं आजही उघडता येतं. तिथला सध्याचा 8.2 टक्के दर टिकला असं धरलं, तर याच हप्त्यांचे 15 वर्षांनी 23 लाखांच्या आसपास होतात. साहेबांनी 7 लाखांचा फरक सांगितला नाही, कारण सुकन्यावर त्यांना पॉलिसीसारखं कमिशन नाही.

पण खरी गोची परताव्याची नाहीच. यजमानांचा पगार 28 हजार, तुमच्या कारखान्यातून वर्षाची सरासरी काढली तर महिना 15 हजार. घरात वर्षाला 5 लाख येतात आणि त्यातला पाचवा हिस्सा एका हप्त्यात. त्यावर सोनेतारण कर्जाचं व्याज 12 टक्क्यांनी धरलं तरी 72 हजार. पुढच्या वर्षी हप्ता चुकणार हे मला आत्ताच दिसतं आहे, आणि मग पॉलिसी सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधीच मोडली, की भरलेल्यातला बराच भाग तिथंच राहतो.

शिवाय विमा काढला कुणाचा? सात वर्षांच्या मुलीचा! तिच्या कमाईवर कोण अवलंबून आहे? यजमान 41 वर्षांचे, घराचा निम्म्याहून जास्त खर्च त्यांच्या पगारावर चालतो आणि त्यांच्या नावानं एक रुपयाचा विमा नाही. 50 लाखांचा साधा टर्म प्लॅन, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, वर्षाला दहा-बारा हजारांत येतो. मावा-तंबाखू खात असतील तर हप्ता जास्त पडेल. अर्जात ते लपवू नका, नाहीतर नेमका दाव्याच्या वेळी घोळ होतो.

आणि त्या साहेबांनाच विचारा, सोनं ठेवून घेतल्यावर बँकेला पॉलिसी कशाला लागते? कर्जासाठी पॉलिसी घ्यायची सक्ती करता येत नाही. उलट लघुउद्योगाच्या एवढ्या कर्जाला बँकेनं तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. मुद्रा कर्ज त्यातच येतं. तेव्हा सोनंसुद्धा काढायची गरज नाही.

आता बेल्ट. कल्पना वाईट नाही. हिशेब मात्र भाबडा आहे. तुम्ही लिहिलंय: खर्च 140, किंमत 499, नगामागे 350 सुटतात, 5,000 नगांचे साडेसतरा लाख. मी तुमचाच आकडा ढोबळ सोलून दाखवतो. 499 मधून जीएसटीचे 24 गेले. विक्रीच्या ॲपचं कमिशन आणि कुरिअर मिळून 130 धरा. जाहिरातीशिवाय नवं नाव कुणी उघडून बघत नाही, तिचे 80. तुमच्या खर्चाचे 140 वजा केले की उरले 125. अंगालगतच्या कपड्यात मापाची चूक ठरलेली, त्यामुळे माल परत येतो आणि येण्याजाण्याचा भुर्दंड तुमच्यावर पडतो. तो धरला तर हातात 80 रुपये आले तरी बरं. परराज्यात ऑनलाइन विकायचं तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी लागते. त्या कागदोपत्री कामाचा खर्च मी अजून धरलेलाच नाही.

त्यात 5,000 नग म्हणजे सहा मापं आणि तीन रंग, अठरा प्रकार. मधली मापं आधी संपतील आणि डबल एक्सएल पोत्यात पडून राहील. गणवेशात शाळेची ऑर्डर आल्यावर कटिंग होतं, म्हणून तुम्हांला पडून राहिलेल्या मालाची सवय नाही. इथं ऑर्डर कुणाचीच नाही.

फॅशनचाही भरवसा नको. लो-वेस्ट 2000 च्या आसपास जोरात होतं, मग हाय-वेस्ट आलं आणि वळकटी आपोआप आत गेली. आता पुन्हा कंबर खाली सरकली आहे, किती दिवस ते कोण सांगणार? म्हणून मी जीन्सपेक्षा साडीकडे बघेन. आणि सोलापूरच्या एप्रिलात, पारा चाळिशीपार असताना, दिवसभर पॉवरनेट अंगावर ठेवून बघायला सांगा. मैत्रिणींनी पाच मिनिटं घालून "छान" म्हणणं ही चाचणी नव्हे.

पोट आवळून धरणारे आतले कपडे विकणाऱ्या अमेरिकेतल्या स्पॅन्क्स कंपनीच्या सारा ब्लेकली यांचा दाखला तुम्ही दिला आहे. त्यातलं गैरसोयीचं तेवढं गाळलंत. त्यांनी 5,000 डॉलरच्या स्वतःच्या शिल्लकीवर सुरुवात केली, फॅक्स मशिन विकायची नोकरी चालू ठेवून. कर्ज काढून गोदाम भरलं नव्हतं.

पेटंटचं काय? एजंट 60 हजारांत "आंतरराष्ट्रीय पेटंट" देतो म्हणतोय, त्याला नमस्कार करा. असं जगभर चालणारं पेटंट नसतंच, ते देशोदेशी वेगळं घ्यावं लागतं. बेल्टच्या बाह्य रूपाची डिझाइन नोंदणी व्यक्तीला हजार रुपये फी भरून करता येते आणि ती 10 वर्षं चालते. बेल्ट वर गुंडाळला न जाण्याची युक्ती खरोखर नवी असेल तर पेटंटचा तात्पुरता अर्ज ऑनलाइन 1,600 रुपयांत होतो, पुढं 12 महिन्यांत पूर्ण अर्ज करायचा. मात्र हे होईपर्यंत इन्स्टाग्रामवर फोटो टाकू नका. आधी जाहीर केलेली गोष्ट नवी राहत नाही.

माझं उत्तर: 6 लाख नाही, 60 हजार. 300 नग, तीनच मापं, काळा आणि त्वचेचा असे दोनच रंग. नवं मशिन नको, फ्लॅटलॉकची शिलाई बाहेर जॉबवर्कवर करून घ्या. कमी मालाला इलॅस्टिक महाग पडेल, नग 180 ला जाईल. जाऊ द्या. नातेवाईक सोडून, पूर्ण किमतीला, तीन महिन्यांत 150 गेले तर पुढच्या हजारासाठी मुद्रा कर्जाचा अर्ज करा. नाही गेले तर नुकसान 60 हजारांच्या आत राहील आणि सोनं घरातच असेल.

शिलाईचं हे सगळं काम दिवाळी ते संक्रांत या काळात उरका. त्यानंतर तुमची मशिनं जूनपर्यंत गणवेशात अडकलेली असतात, आणि घर त्याच पैशांवर चालतं. पॉलिसीचे पैसे खात्यात जमा होईपर्यंत पॉवरनेटची ऑर्डर देऊ नका.