विंडोज 10 च्या शेजारी उबुंटू बसवताना मोकळी केलेली जागा ‘अनयुजेबल’ का दिसते?

तुमच्या जुन्या लॅपटॉपवरील विंडोज 10 तसेच ठेवून शेजारी उबुंटू (लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टिम) बसवण्यासाठी तुम्ही सी ड्राइव्ह लहान करून 100 जीबी जागा मोकळी केली. विंडोजला ती ‘अनॲलोकेटेड’ दिसते, पण उबुंटूचा इन्स्टॉलर तिला ‘अनयुजेबल’ म्हणतो आणि तेथे नवीन पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग) करू देत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. या लक्षणांवरून डिस्क खराब झालेली वाटत नाही. तिच्यावर आधीच चार प्रायमरी, म्हणजे थेट मुख्य यादीत नोंदलेली, पार्टिशन आहेत आणि पार्टिशनची यादी ठेवण्याच्या जुन्या एमबीआर पद्धतीत पाचव्याची नोंद करण्याची सोय नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

ही पद्धत 1983 मध्ये पीसी-डॉस 2.0 बरोबर आली. डिस्कच्या अगदी पहिल्या, 512 बाइटांच्या सेक्टरमध्ये आधी संगणक सुरू करणारा छोटा प्रोग्राम असतो, त्यानंतर 64 बाइटांचे पार्टिशन टेबल आणि शेवटी दोन बाइटांची खूण. एका पार्टिशनच्या नोंदीला 16 बाइट लागतात, म्हणून नोंदी चारच मावतात. डिस्क कितीही मोठी असली तरी यात फरक पडत नाही. विंडोज 7 च्या काळातील अनेक लॅपटॉप कारखान्यातूनच चार पार्टिशन घेऊन येत: बूटच्या फायलींचे एक लहान पार्टिशन, सी ड्राइव्ह, रिकव्हरी आणि कंपनीच्या स्वतःच्या टूल्सचे एक. ग्राहकासाठी एकही नोंद मोकळी न ठेवण्याची ही पद्धत मला आजही अन्यायाची वाटते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. या जागेवर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ करायला गेलात, तर बेसिक डिस्कचे रूपांतर डायनॅमिक डिस्कमध्ये (साध्या पार्टिशनऐवजी विंडोजची स्वतःची मांडणी असलेल्या डिस्कमध्ये) होईल, अशी सूचना देणारी एक चौकट समोर येते. तेथे ‘येस’ मुळीच दाबू नका. चालू विंडोज त्यानंतरही सुरू होते, त्यामुळे काही बिघडले आहे हे लक्षातच येत नाही. पण डायनॅमिक डिस्कवर उबुंटूच्या इन्स्टॉलरला नेहमीसारखी पार्टिशन करता येत नाहीत, आणि डेटा न घालवता परत बेसिकवर येण्याचा मार्ग विंडोज स्वतः देत नाही. तुम्ही हे आधीच केले असेल, तर पुढचे काहीही न करता प्रथम कळवा.

तसे केले नसेल, तर एक नोंद रिकामी करणे हाच उपाय आहे. कोणती, हे ठरवताना डिस्क मॅनेजमेंटमध्ये प्रत्येक पार्टिशनखाली कंसात लिहिलेले शब्द वाचा. ज्याच्याखाली ‘सिस्टिम’ आणि ‘ॲक्टिव्ह’ लिहिले आहे, ते अवघे 100 किंवा 500 एमबीचे असले तरी त्याला हात लावायचा नाही, कारण विंडोजचा बूट मॅनेजर तेथेच असतो आणि ते उडवले तर सी ड्राइव्ह शाबूत असूनही विंडोज सुरू होणार नाही. माझ्या मते टूल्सचे पार्टिशन काढणे सर्वांत सुरक्षित आहे. ते नसेल तर रिकव्हरीचे काढा, मात्र त्याआधी रिकव्हरीची डिस्क बनवून ठेवा. आणि यांपैकी काहीही करण्यापूर्वी फोटो, कागदपत्रे, अभ्यासाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या, त्यातील चार-दोन फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा आणि बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारे विंडोजचे साधन) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा.

नोंद रिकामी झाल्यावर दोन वाटा आहेत. लॅपटॉपला यूईएफआयची, म्हणजे संगणक सुरू करण्याच्या नव्या पद्धतीची, सोय असेल (हे बायोसच्या, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये पाहावे लागते, एमबीआरवरील विंडोज स्वतःबद्दल ‘लेगसी’, म्हणजे जुनी पद्धत, असेच सांगणार), तर संपूर्ण डिस्क जीपीटी या एमबीआरनंतरच्या नव्या पद्धतीवर नेता येते, जेथे साधारणपणे 128 नोंदींची सोय असते. त्यासाठी विंडोज 10 मध्ये 1703 या आवृत्तीपासून एमबीआर-टू-जीपीटी हे साधन आहे. पण ते जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन आणि एकही एक्स्टेंडेड (आत आणखी पार्टिशन सामावणारे) पार्टिशन नसलेली डिस्कच स्वीकारते. म्हणून ही वाट घ्यायची असेल, तर मधल्या काळात त्या डिस्कवर दुसरे काही करू नका, प्रथम साधनाचा ‘व्हॅलिडेट’ हा पर्याय चालवून तपासणी करा आणि रूपांतरानंतर बायोसमध्ये यूईएफआय मोड निवडा.

मात्र लॅपटॉप 2010 च्या आसपासचा असेल, तर मी दुसरी वाट सुचवेन. उबुंटूच्या पेनड्राइव्हवरून ‘ट्राय उबुंटू’ निवडून जीपार्टेड हे पार्टिशन करण्याचे साधन उघडा, मोकळ्या 100 जीबीवर एक एक्स्टेंडेड पार्टिशन करा आणि त्याच्या आत एक्स्ट4 (लिनक्सची फाइल सिस्टिम) चे एक लॉजिकल, म्हणजे आतले, पार्टिशन करा. त्याला पाच क्रमांक मिळेल, कारण लिनक्समध्ये पहिले चार क्रमांक टेबलमधील चार नोंदींसाठी राखलेले असतात. विंडोजची बूट फाइल प्रायमरीवरच लागते, पण उबुंटू लॉजिकलवरून बिनतक्रार सुरू होते. स्वॅपसाठी (मेमरी कमी पडल्यास डिस्कवर वापरायच्या जागेसाठी) वेगळे पार्टिशन नको, 17.04 पासून उबुंटू त्यासाठी साधी फाइल वापरते.

पेनड्राइव्हवरून सुरू करताना बूट मेनूत त्याचे नाव दोनदा दिसले, तर या वाटेसाठी ज्याच्या आधी ‘यूईएफआय’ नाही ते निवडा, म्हणजे दोन्ही सिस्टिम एकाच पद्धतीने सुरू होतील. इन्स्टॉलरमध्ये ‘समथिंग एल्स’ घेऊन पाचव्या पार्टिशनला रूट (‘/’, उबुंटूची मूळ जागा) द्या आणि बूटलोडरच्या, म्हणजे सुरुवातीला सिस्टिम निवडू देणाऱ्या प्रोग्रामच्या, जागी ‘एसडीए5’ ऐवजी पूर्ण डिस्क म्हणजे ‘एसडीए’ ठेवा, नाहीतर संगणक उबुंटूची निवड न दाखवता थेट विंडोजमध्ये जाईल. विंडोजमधील फास्ट स्टार्टअपही बंद करा. ते चालू असताना शटडाउन केलेले विंडोज अर्धवट झोपलेले राहते, आणि मग उबुंटूमधून सी ड्राइव्हवरील फायली वाचता आल्या तरी तेथे काही लिहिता येत नाही.