लढत रटाळ झाली म्हणून पैसे मिळत नाहीत. जाहिरातीतली लढत झालीच नाही म्हणून मिळू शकतात

प्रश्न : मी आणि माझा भाऊ बॉक्सिंगचे जुने चाहते. मुंबईत झालेल्या व्यावसायिक बॉक्सिंगच्या एका राष्ट्रीय किताबाच्या लढतीची दोन तिकिटे आम्ही ७,००० रुपयांना ऑनलाइन घेतली. जाहिरातीत 'दहा राउंड, राष्ट्रीय किताब' असे ठळक छापले होते. प्रत्यक्षात आदल्या दिवशीच्या वजनमापनात आव्हानवीर ठरलेल्या वजनात बसला नाही. त्यामुळे लढत आठ राउंडची केली आणि तो जिंकला असता तरी किताबाचा बेल्ट त्याला मिळणार नव्हता. हे आम्हाला कळले ते रिंगमधून निवेदकाने सांगितले तेव्हा. पुढे आठही राउंड दोघे क्लिंचमध्येच, म्हणजे ठोसे न मारता एकमेकांना धरून. आयोजकांचाच बॉक्सर गुणांवर जिंकला. रागाच्या भरात मी फेसबुकवर लिहिले : 'रटाळ, लाजिरवाणी लढत. जजना पैसे चारले होते, सगळे आधीच ठरलेले.' पोस्ट बरीच शेअर झाली. मी ॲडमिन असलेल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकली. एका मित्राने पोस्टखाली लढतीत गुण देणाऱ्या एका जजला उद्देशून 'घरी येऊन बघतो' असे लिहिले. आता आयोजकांच्या वकिलाची नोटीस आली आहे : सात दिवसांत लेखी माफी आणि २५ लाख रुपये, नाहीतर फौजदारी. ग्रुपवरच्या सगळ्या मेसेजेसची जबाबदारीही माझ्यावर टाकली आहे. तिकिटाचे पैसे परत मिळतील का? आम्हीच फसवणुकीचा गुन्हा दाखल करावा का? मला तुरुंगात जावे लागेल का? (नाव राखून ठेवले आहे.)

उत्तर : सर्वांत आधी मित्राला फोन करा. 'घरी येऊन बघतो' हे वाक्य निकालावरची प्रतिक्रिया राहत नाही, ती धमकी होते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली धमकीला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि जिवे मारण्याची किंवा गंभीर दुखापतीची धमकी असेल तर सात वर्षांपर्यंत. त्याने ती कमेंट आजच काढावी आणि स्वतःचा वेगळा सल्ला घ्यावा. तुमची बाजू आणि त्याची बाजू एक नाही, ती एक करूही नका. रिंगशेजारी बसून गुण देणाऱ्या माणसाला घरच्यांची काळजी करावी लागली, तर उद्या हे काम करायला चांगला माणूस पुढे येणार नाही. चाहत्यांनीच हे सर्वांत आधी समजून घ्यायला हवे.

आता तुमचे प्रश्न. तुमच्या रागात दोन गोष्टी मिसळल्या आहेत : तुम्ही डोळ्यांनी पाहिलेले आणि तुम्ही मनाशी धरलेले. पैशांच्या मागणीत आणि बदनामीच्या बचावात, दोन्हीकडे तुम्हाला पहिलीच गोष्ट तारेल. दुसरी दोन्हीकडे बुडवेल.

आधी तिकिटाचे पैसे. लढत निरस झाली, कोणी झुंजले नाही, निकाल पटला नाही, एवढ्यावर परतावा मागता येत नाही. तिकिटाने तुम्हाला लढत पाहण्याचा हक्क मिळतो. ती कशी रंगेल याची हमी मिळत नाही. बॉक्सिंगमध्येच याची दोन ठळक उदाहरणे आहेत, दोन्ही अमेरिकेतली. २८ जून १९९७ रोजी माईक टायसनने प्रतिस्पर्धी होलीफील्डचा कान चावला आणि तिसऱ्या राउंडमध्ये तो बाद ठरला. प्रेक्षकांनी पैसे परत मागितले. २००० साली न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने नाही म्हटले. २ मे २०१५ च्या मेवेदर-पॅकियाओ लढतीनंतर उघड झाले की पॅकियाओचा खांदा आधीपासून दुखावलेला होता आणि ते लपवले गेले. चाहत्यांनी सामूहिक दावे लावले. २०१९ मध्ये अपील न्यायालयाने तेही फेटाळले. तर्क असा, की दोन बॉक्सर उतरले, बारा राउंड झाले, निकाल लागला; प्रेक्षकाने ज्यासाठी पैसे दिले ते त्याला मिळाले.

हे निर्णय आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाहीत, पण आयोजकांचा वकील ते पुढे करील, म्हणून आधीच सांगतो. शिवाय त्यांच्यातच तुमच्या प्रकरणातला फरक दिसतो. तिथे विकलेली लढत झाली. तुमच्या बाबतीत विकली एक आणि दाखवली दुसरी. दहाऐवजी आठ राउंड, आणि ज्या किताबाच्या नावावर तिकीट खपले तो एका बॉक्सरसाठी पणाला लागलेलाच नाही. किताबाच्या लढतीला जे वजन असते ते नेमके याच शक्यतेमुळे, की बेल्ट आज हात बदलू शकतो. ती शक्यता आदल्या दिवशी वजनकाट्यावरच संपली होती. आयोजकांना ते माहीत होते, तुम्हाला नव्हते.

इथे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ तुमच्या उपयोगाचा आहे. या कायद्यातल्या 'सेवा' या व्याख्येत करमणुकीचा स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळे तिकीट काढून लढत पाहणारा प्रेक्षक ग्राहकच. सेवेतील त्रुटी म्हणजे काय, हे कलम २ च्या उपकलम ११ मध्ये दिले आहे आणि त्यात एक गोष्ट वेगळी नमूद आहे : ग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणे. तुमची सारी तक्रार या एका मुद्द्यावर उभी करा. वजनाचा निकाल किती वाजता लागला, त्यानंतर तिकीटविक्री चालू होती का, जाहिरात तशीच ठेवली का, तिकीटधारकांना ईमेल किंवा मेसेज गेला का? या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर आली की तुमचे निम्मे काम झाले.

आयोजक दोन बचाव घेतील. पहिला, तिकिटाच्या अटींतला 'कार्यक्रमात बदल होऊ शकतो' हा. तो काही अंशी खरा आहे. बॉक्सर वजनात बसला नाही यात आयोजकांचा दोष नसतो, आणि त्या संध्याकाळी मुख्य लढतीआधी होणाऱ्या लढतींपैकी एखादी बदलली असती तर मी तुम्हाला तक्रार करू नका असेच सांगितले असते. पण बदल करण्याचा अधिकार असणे वेगळे आणि झालेला बदल झाकून ठेवणे वेगळे. दुसरा बचाव 'परतावा नाही' या अटीचा. त्रुटी असलेल्या सेवेचे पैसे बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत परत न करणे, ही याच कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. मात्र तक्रारीत 'ही अट म्हणजे अन्याय्य करार आहे' असा मुद्दा घेऊ नका. अन्याय्य कराराच्या तक्रारी जिल्हा ग्राहक आयोगापुढे चालत नाहीत, राज्य आयोगाकडे जाव्या लागतात, आणि ७,००० रुपयांसाठी तो फेरा नको. सेवेतील त्रुटी आणि अनुचित प्रथा एवढ्या दोनच पायांवर तक्रार ठेवा.

तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, लढत मुंबईत झाली म्हणून मुंबईला खेटे घालायची गरज नाही. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. मुदत दोन वर्षांची. वकील सक्तीचा नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून तक्रार घरबसल्या दाखल होते. त्याआधी आयोजक आणि तिकीट विकणारे संकेतस्थळ या दोघांना लेखी मागणी पाठवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा; कित्येक प्रकरणे तिथेच मिटतात. पोस्टखाली 'माझेही पैसे गेले' म्हणणारे बरेच असतील. कलम ३५ प्रमाणे आयोगाच्या परवानगीने समान हिताच्या ग्राहकांची एकत्र तक्रार होऊ शकते. चाहत्यांचा राग कुठे लावायचा असेल तर तो इथे लावावा, असे मला मनापासून वाटते.

मिळेल काय? तिकिटाची पूर्ण किंवा काही रक्कम, थोडी भरपाई आणि खर्च. लाखांची अपेक्षा ठेवू नका. आणि एक पथ्य पाळा : तक्रारीत निकालाबद्दल एक शब्दही लिहू नका. ग्राहक आयोग कोणत्या राउंडला कोणाचे दहा आणि कोणाचे नऊ हे मोजायला बसणार नाही. गुणांबद्दल हरकत असेल तर तिची जागा ज्या संस्थेने या लढतीला मान्यता दिली तिच्याकडे आहे. आयोगापुढे 'फिक्सिंग' म्हटलेत की तुमची स्वच्छ तक्रार संशयाच्या चिखलात जाईल.

फसवणुकीच्या गुन्ह्याचा विचार सोडून द्या. सामना निश्चितीला, म्हणजे फिक्सिंगला, गुन्हा ठरवणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा आपल्याकडे अजून नाही. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने एका क्रिकेट लीगच्या प्रकरणात म्हटले, की खेळाडूने सामना आधीच ठरवला असला तरी त्याला फसवणुकीचा गुन्हा म्हणता येत नाही, कारण प्रेक्षक आपणहून तिकीट काढतो. शिस्तभंगाची कारवाई खेळाच्या संघटनेने करावी. हा निर्णय महाराष्ट्रात बंधनकारक नाही, आणि मला व्यक्तिशः तो चाहत्यांच्या दृष्टीने कठोर वाटतो. पण तिथे निदान तपास तरी झाला होता. तुमच्या हातात संशयाखेरीज काही नाही.

आता नोटीस. वकिलाची नोटीस म्हणजे न्यायालयाचा आदेश नव्हे. सात दिवस आणि २५ लाख हे दोन्ही आकडे त्यांनी ठरवले आहेत. त्या रकमेचा दावा लावायचा तर त्यांना त्यावर कोर्ट फी भरावी लागेल आणि आपले नुकसान दाखवावे लागेल. तरीही गप्प बसू नका.

तुमच्या पोस्टमध्ये दोन वाक्ये आहेत आणि कायद्याच्या नजरेत ती दोन वेगळ्या घरांतली आहेत. 'रटाळ, लाजिरवाणी लढत' हे मत आहे. न्याय संहितेतल्या बदनामीच्या कलम ३५६ चा सहावा अपवाद याच्यासाठीच आहे : जो आपली कला किंवा कामगिरी लोकांच्या निवाड्यासाठी मांडतो, तिच्या गुणदोषांवर सद्भावनेने दिलेले मत बदनामी ठरत नाही. कायद्यातली उदाहरणे लेखक, वक्ता, नट आणि गायक यांची आहेत, पण तिकीट लावून रिंगमध्ये उतरणारा बॉक्सरही त्याच रांगेत बसतो, असे म्हणायला भक्कम आधार आहे. दम नव्हता, तयारी नव्हती, झुंजायची इच्छा नव्हती, हे सगळे तुम्ही लिहू शकता, कितीही कडक शब्दांत. तिथे एक इंचही मागे येऊ नका.

'जजना पैसे चारले' हे मात्र मत नाही. अमुक एक घटना घडली असे ते सांगते. त्यात पैसे देणारा आणि घेणारा असे दोघे बदनाम होतात, आणि एका लढतीचे जज म्हणजे ओळखता येण्याजोगी मोजकी माणसे. ते खरे ठरवण्याचे ओझे तुमच्यावर येईल. फौजदारी प्रकरणात खरे असणेही पुरत नाही, ते लोकहितासाठी सांगितले होते हेही दाखवावे लागते. सद्भावनेचा आधार घ्यायचा तर पुरेशी काळजी घेऊन लिहिले होते हे दिसले पाहिजे, आणि घरी परतताना रागात लिहिलेल्या ओळीत ते दिसणार नाही.

म्हणून असे करा. पोस्ट, कमेंट आणि तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट आधी घ्या. जाहिरात, तिकिटाचा ईमेल, अटी, वजनाच्या निकालाची बातमी आणि निवेदकाच्या घोषणेचा व्हिडिओ यांचेही. मूळ फोन जपून ठेवा, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारे प्रमाणपत्र देताना तो लागेल. मग ते एक वाक्य काढा आणि खाली लिहा : 'जजना पैसे दिल्याबद्दलचे माझे विधान मी मागे घेतो, त्याला माझ्याकडे पुरावा नाही. लढतीच्या दर्जाबद्दलचे आणि किताब व राउंडमधला बदल आम्हाला न कळवल्याबद्दलचे माझे म्हणणे कायम आहे.' हीच दुरुस्ती ग्रुपवर टाका. आयोजकांनी पाठवलेल्या माफीच्या मसुद्यावर सही करू नका. त्यात बहुधा तिकिटाबद्दलही तक्रार नाही असे एखादे वाक्य दडलेले असते.

ग्रुपबद्दल निश्चिंत राहा. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे, की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिन केवळ ॲडमिन म्हणून दोषी ठरत नाही. त्यात त्याचा समान हेतू दिसावा लागतो. तुम्ही स्वतः टाकलेल्या मजकुरापुरते तुम्ही जबाबदार.

तुरुंगाची भीती मोठी आहे हे समजतो. बदनामीला कमाल शिक्षा दोन वर्षांची साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. गुन्हा जामीनपात्र आणि अदखलपात्र आहे, म्हणजे या कलमाखाली पोलीस थेट दारात येऊन अटक करू शकत नाहीत. २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती, तेव्हा वापरलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच रद्द केले. फौजदारी बदनामी मात्र २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने घटनात्मक ठरवली, म्हणून ती हलक्यात घेऊ नका. आयोजकांना दंडाधिकाऱ्यांपुढे खासगी तक्रार करावी लागेल, आणि फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम २२३ प्रमाणे दखल घेण्यापूर्वी तुम्हाला म्हणणे मांडण्याची संधी द्यावीच लागते. अशी न्यायालयाची नोटीस आली तर ती तारीख चुकवू नका. दुरुस्ती केव्हा टाकली ते दाखवणारा स्क्रीनशॉट त्या दिवशी वकिलाकडे असू द्या. दिवाणी दाव्याची मुदत पोस्ट टाकल्यापासून एक वर्षाची, फौजदारी तक्रारीची तीन वर्षांची. तोवर हे सगळे कागद एका फाइलमध्ये ठेवा, आणि या सात दिवसांत वकिलामार्फत एका पानाचे उत्तर पाठवा. त्यात विधान मागे घेतल्याची तारीख, बाकी सर्व मागण्यांना नकार आणि ७,००० रुपयांची तुमची मागणी, एवढे तीनच मुद्दे असू द्या.