नऊ दिवसांचा उपवास आणि दीड किलो वजन

दसरा नुकताच झाला होता. बँकेत नोकरी करणाऱ्या, पंचेचाळिशीच्या एक ताई माझ्याकडे आहाराचा सल्ला घ्यायला आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) खुर्चीत बसता बसताच म्हणाल्या, "मॅडम, नऊ दिवस कडक उपवास केला, तरी दीड किलो वाढलं. आता दिवाळी. यंदा फराळाला हातच लावायचा नाही, असं ठरवलंय."

नवरात्र ते दिवाळी या दिवसांत ही तक्रार माझ्याकडे हमखास येते. मी म्हटलं, फराळाचं नंतर बघू. आधी उपवासाचा एक दिवस सांगा, सकाळपासून.

सकाळी साबुदाण्याची खिचडी, वाटी भरून आणि "वर थोडीशी". कागदावर मांडून पाहिलं. सुका साबुदाणा 60 ग्रॅम धरला तरी दोनशेच्या वर कॅलरी, 25 ग्रॅम दाण्याच्या कुटाच्या 140, दोन चमचे तुपाच्या 90. बटाटा वेगळाच. साबुदाण्यात प्रथिनं नावालाच, त्यामुळे अकराला पुन्हा भूक. मग वेफर्स, राजगिऱ्याचा लाडू. आणि चहा? "तेवढाच तर आधार असतो हो!" सहा कप, प्रत्येकात दोन चमचे साखर. म्हणजे चहातूनच 60 ग्रॅम साखर. रात्री भगर, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी. "दिवसभर उपाशी आहेस" म्हणत सासूबाई एक डाव जास्तच वाढायच्या.

"एकादशी अन् दुप्पट खाशी," ताई स्वतःच हसल्या.

तरीही ते दीड किलो सगळं चरबीचं नव्हतं. तेवढी चरबी साठायला गरजेपेक्षा अकरा हजारांहून जास्त कॅलरी पोटात जाव्या लागतात. नऊ दिवसांत त्यांनी तेवढं खाल्लं नव्हतं. पिष्टमय खाणं वाढलं की शरीर त्यातलं काही ग्लायकोजेन (साखरेचा राखीव साठा) म्हणून साठवतं आणि त्याच्या साधारण तिप्पट पाणी धरून ठेवतं. वेफर्समधलं मीठही पाणी धरतं. रोजचं जेवण सुरू झालं की यातलं बरंचसं उतरतं. सणाच्या दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावर उभं राहणं म्हणजे विनाकारण जिवाला घोर.

मला काळजी होती ती त्यांच्या "हात लावायचा नाही" या निश्चयाची. असा निश्चय धनत्रयोदशीपर्यंत टिकतो. मग पाडव्याच्या रात्री भांडी आवरताना डब्यातून उभ्या उभ्या चार चकल्या जातात आणि त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

म्हणून ठरवलं ते असं. फराळ सकाळच्या नाश्त्याला, पोह्या-उपम्याच्या ऐवजी, ताटलीत घेऊन, बसून. एक लाडू, एक चकली, वाटीभर पातळ पोह्यांचा भाजका चिवडा. दुपारचं जेवण चुकवायचं नाही. मटकी किंवा चवळीची उसळ, कोशिंबीर, ताक हवंच. संध्याकाळी कुणाकडे जायचं असेल तर रिकाम्या पोटी जायचं नाही. चहा दिवसाला तीन कप, साखर निम्मी. डबे जेवणाच्या टेबलावरून हलवून वरच्या फळीवर.

"शुगर-फ्री लाडू आणू का?" त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. त्यात साखरेऐवजी खजूर असतो, तूप असतं, सुकामेवा असतो. कॅलरी फारशा कमी होत नाहीत. उलट "शुगर-फ्री आहे" म्हणून माणूस दोन खातो. त्यापेक्षा घरचा बेसनाचा एक लाडू चवीने खावा.

सासूबाईंचं काय, हा प्रश्न मात्र कागदावर सुटणारा नव्हता. त्यांना मधुमेह होता. गोळ्या चालू असताना उपवास करण्याआधी डॉक्टरांना विचारायला हवं, हे मी ताईंना सांगितलं. त्यांनी घरी तो विषय काढला आणि सगळा नूरच बदलला. यंदा फराळ निम्म्याच प्रमाणात करू, असं सासूबाईच म्हणाल्या.

तुळशीचं लग्न झाल्यावर ताई पुन्हा आल्या. वाढलेल्यातलं किलोभर उतरलं होतं, दिवाळीचं वेगळं चढलं नव्हतं. त्यांना एवढ्यावर समाधान नव्हतं. दोन महिन्यांत पाच किलो कमी करायचे होते. मी सणासुदीत आहे ते टिकवलं तरी पुष्कळ मानते. त्यावर आमचं एकमत काही झालं नाही. मार्गशीर्षातले गुरुवार तोंडावर होते. त्या दिवशी दुपारी खिचडीऐवजी उकडलेलं रताळं आणि दही चालेल का, एवढं विचारून त्या घाईत बँकेत गेल्या.