१९८७ सालची राजदूत ३५० गरम झाली की उजवा सिलिंडर बंद पडतो. कार्ब्युरेटर बदलावा की इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावे?

कार्ब्युरेटर विकत घेऊ नका, आणि इग्निशन बदलण्याचा निर्णयही तूर्त बाजूला ठेवा. तुम्ही लिहिले आहे की थंड गाडी पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू होते, वीस-पंचवीस मिनिटे सुरेख चालते, मग उजवा सिलिंडर मिस होऊ लागतो (म्हणजे त्याची ठिणगी चुकते), हेडलाइट पिवळा पडतो, इंडिकेटरची उघडझाप थांबते, आणि तासभर सावलीत उभी केली की पुन्हा थोडा वेळ नीट चालते. कार्ब्युरेटर खराब असता तर इंडिकेटरला काय झाले असते? तुमच्या मेकॅनिकने या प्रश्नाचे उत्तर दिल्याशिवाय त्यांना एकही स्क्रू फिरवू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

या गाडीची वीज कशी तयार होते हे समजून न घेता तिला हात लावणाऱ्यांची संख्या मोठी आहे. आपल्याकडचे बहुतेक टू-स्ट्रोक मेकॅनिक यामाहाच्या आरएक्स १०० वर तयार झालेले आहेत. तिच्यात मॅग्नेटो (कायमच्या चुंबकावर वीज बनवणारा भाग) आणि सीडीआय (एक इलेक्ट्रॉनिक इग्निशन) असल्यामुळे बॅटरी काढून ठेवली तरी गाडी किकला सुरू होते, आणि म्हणून गाडी मिस झाली की त्यांच्या मनात बॅटरी सर्वांत शेवटी येते. राजदूत ३५० चे तसे नाही. एस्कॉर्ट्सने १९८३ पासून यामाहाच्या आरडी ३५० वरून बनवलेल्या या ३४७ सीसीच्या गाडीत प्लगची ठिणगी बॅटरीच्या विजेवर पडते. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पॉइंट (ठिणगीच्या क्षणी वीज तोडणारा स्विच), स्वतंत्र कंडेन्सर (पॉइंट जळू न देणारा भाग) आणि स्वतंत्र कॉइल (बॅटरीच्या विजेचा दाब ठिणगीपुरता वाढवणारा भाग) आहे. आणि ती बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या रोटरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या भागात, कायमचे चुंबक नाहीच. त्यात तांब्याच्या तारेचे वेटोळे आहे. बॅटरीतून थोडी वीज रेग्युलेटरमार्गे दोन कार्बन ब्रशांतून त्या वेटोळ्यात जाते, तेव्हा रोटर चुंबक बनतो आणि भोवतालच्या स्थिर वेटोळ्यांत, म्हणजे स्टेटरमध्ये, वीज निर्माण होते. ब्रश झिजले, ते ज्यावर घासतात ती स्लिप रिंग काळी पडली, रेग्युलेटर अडकला किंवा वेटोळ्यात एके ठिकाणी तार तुटली, की चार्जिंग बंद. त्यानंतर दोन कॉइल, हेडलाइट, टेललाइट आणि ब्रेकलाइट हे सगळे साडेपाच अँपिअर-अवरच्या लहानशा बॅटरीवर जगतात. ती किती वेळ पुरणार, याचा हिशेब तुम्हीच करा.

मी इतक्या तावातावाने लिहितो आहे, कारण नेमक्या याच लक्षणांवर कोल्हापुरातल्या एका गॅरेजने माझा संपूर्ण उन्हाळा आणि बरेच पैसे घालवले. माझी गाडी वडिलांच्या वेळची, लो टॉर्क, म्हणजे याच गाडीची कमी ताकदीची आवृत्ती. आधी दोन्ही कार्ब्युरेटर उघडून धुतले गेले. मग त्यांतले जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे बारीक छिद्रांचे तुकडे, बदलले. मग टाकीत गंज आहे म्हणून टाकी आतून साफ झाली. मग एअर फिल्टर, मग पेट्रोलचा कॉक. प्रत्येक वेळी गाडी सकाळी माझ्या ताब्यात दिली जाई, गॅरेजच्या दारात ती उत्तम चाले, आणि मला सांगितले जाई की आता काही अडचण येणार नाही. सकाळी थंड असलेली गाडी उत्तम चालणारच होती, कारण बिघाड गरम झाल्यावरच येत होता. त्यांनी तो एकदाही घडताना पाहिला नाही आणि पाहण्याची इच्छाही दाखवली नाही.

शेवटी रत्नागिरीहून परत येताना अंधार पडला आणि हेडलाइट लावावा लागला. पाली, नाणीज मागे पडेपर्यंत सगळे ठीक होते. साखरप्याच्या पुढे आंबा घाटाची चढण सुरू झाल्यावर आधी हॉर्नचा आवाज बसला, मग रस्त्यावरचा उजेड काजळत गेला, मग उजवा सिलिंडर गेला आणि गाडी एका सिलिंडरवर धडपडत चालू लागली. मी हेडलाइट बंद केला आणि उजवा सिलिंडर क्षणात परत आला. दिवा लावला की जाई, विझवला की येई. त्या घाटात, एका बाजूला दरी असताना, दिवा की इंजिन यांतून निवड करावी लागणे हा भयंकर प्रकार आहे. पण बिघाडाचे निदान तिथेच झाले. पेट्रोल, जेट, टाकी यांपैकी कशाचाही हेडलाइटच्या स्विचशी संबंध नसतो. गाडी बाजूला घेऊन थांबलो, एका ट्रकच्या मागच्या दिव्यांच्या आधाराने आंब्यापर्यंत चढलो आणि रात्र तिथेच काढली.

घरी आल्यावर मामांना बोलावले. मामा साखर कारखान्यात आयुष्यभर इलेक्ट्रिशियन होते, मोटरसायकलचे त्यांना विशेष प्रेम नाही. त्यांनी गाडीकडे न पाहता आधी मल्टिमीटर मागितला. थंड गाडीवर, इंजिनाची रेस मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या आसपास ठेवून, बॅटरीच्या टोकांवर चौदा व्होल्टच्या वर आकडा येत होता, म्हणजे चार्जिंग उत्तम. मग त्यांनी मला गाडी रंकाळा तलावाभोवती चांगली तापेपर्यंत फिरवून आणायला सांगितले. परत मोजले तर त्याच रेसला बारालाही आकडा पोचेना, आणि रेस वाढवली तरी तो हलेना. इंजिन बंद करून, गरम असतानाच, त्यांनी ब्रशांकडे जाणाऱ्या दोन वायरी सोडवून रोटरचा रोध मोजला, तर मीटरने सर्किट तुटलेले दाखवले. पंखा लावून रोटर थंड होऊ दिला आणि पुन्हा मोजले, तर पाच ओहमच्या आसपास, म्हणजे अगदी निरोगी. वेटोळ्यातली तार आत कुठेतरी तुटली होती. थंड असताना तिची टोके एकमेकांना टेकत आणि तापून धातू प्रसरण पावला की सुटत. कोल्हापुरातल्याच शिवाजी उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंग करणाऱ्या एका कारागिराने तो रोटर नवी तार भरून दिला. त्याचा खर्च गॅरेजने लावलेल्या जेटच्या बिलापेक्षा कमी होता, आणि त्यानंतर ती तक्रार परत आलेली नाही.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशनकडे. माझ्या आतेभावाकडे, म्हणजे दादाकडेही हीच गाडी होती आणि तिची लक्षणेही हीच होती. दादाने संपूर्ण अल्टरनेटर काढून त्या जागी कायमचुंबकी मॅग्नेटो आणि सीडीआय असलेले किट बसवले, गाडी सुधारली, आणि तेव्हापासून घरातल्या प्रत्येक लग्नकार्यात तो मला सांगतो की पॉइंट हीच या गाडीची मुळातली खोड आहे. मी त्याला दरवेळी हेच विचारतो की रोटर मोजला होता का. मोजला नव्हता. किटबरोबर त्याचा जुना रोटर, ब्रश, रेग्युलेटर हे सगळेच निघून गेले, त्यामुळे बिघाडही गेला. त्यात पॉइंट दोषी होते हे कुठेही सिद्ध होत नाही. उलट, ज्या किटमध्ये फक्त पॉइंटची जागा इलेक्ट्रॉनिक्स घेते आणि वीज मात्र जुन्याच अल्टरनेटरची राहते, असे किट दादाने बसवले असते तर त्याची गाडी तिसाव्या मिनिटाला पुन्हा मिस झाली असती. तुम्हाला जे किट सुचवले आहे ते या दोहोंपैकी कोणते, हे विचारून घ्या. भाग बदलल्यावर गाडी बरी झाली म्हणजे निदान बरोबर होते असे मानण्याची जी सवय आपल्याकडे आहे, तिच्यामुळेच या गाड्यांचे मूळ भाग भंगारात गेले आणि आज ते शोधत फिरावे लागते.

तुम्ही करायचे ते असे. बॅटरी आधी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरून घ्या, नाहीतर पुढचे सगळे आकडे फसवे येतील. थंड आणि गरम अशी दोन्ही मोजमापे वर सांगितल्याप्रमाणे घ्या. मीटर नसेल तर इंजिनाच्या डाव्या बाजूचे कव्हर काढा, इग्निशन चालू करा आणि स्क्रूड्रायव्हरचे लोखंडी टोक रोटरच्या मधल्या बोल्टजवळ न्या. रोटरमध्ये वीज पोचत असेल तर तो टोक जोरात ओढून घेईल. हे थंड आणि गरम असे दोनदा करा, पण इग्निशन उगाच चालू ठेवू नका, कारण पॉइंट मिटलेले असले तर कॉइल तापते आणि बॅटरी रिकामी होते. गरम रोटर ओढत नसेल तर ब्रशांची लांबी आणि स्लिप रिंगचा स्वच्छपणा पाहा, मग वायरी सोडवून रोध मोजा. स्लिप रिंग आणि रोटरचा दांडा यांच्यात मात्र मीटरने काहीही दाखवता कामा नये. दाखवले तर वेटोळे बॉडीला लागले आहे. रोटर ओढत असूनही चार्जिंग नसेल तर स्टेटरच्या तीन वायरी एकमेकींशी मोजा, तिन्ही जोड्यांत आकडा सारखा यायला हवा, आणि त्यानंतर अल्टरनेटरची वीज बॅटरीला चालेल अशी एकाच दिशेची करणाऱ्या रेक्टिफायरवर संशय घ्या. बॅटरी सोडवून इंजिन चालवून पाहण्याचा सल्ला कुणी दिला तर मानू नका; रेक्टिफायर जळण्याचा तो सोपा मार्ग आहे.

रोटर काढावा लागला तर पुलरनेच, म्हणजे तो ओढून काढणाऱ्या हत्यारानेच काढा. हातोडी मारली तर दाबून बसवलेला क्रँक सरकतो, आणि मग खर्चाला अंत राहत नाही.

उजवाच सिलिंडर का जातो, याचे कारण बहुधा साधे आहे. व्होल्टेज उतरले की दोन्ही ठिणग्या दुबळ्या होतात आणि ज्या बाजूचा पॉइंट जास्त काळा पडलेला किंवा कंडेन्सर जास्त थकलेला आहे ती बाजू आधी हार मानते. दोन सिलिंडर असल्याचा फायदा घ्या: उजवा कंडेन्सर डावीकडे आणि डावा उजवीकडे लावा. बिघाड डावीकडे गेला तर कंडेन्सर दोषी. तसे झाले नाही तर कॉइलची अदलाबदल करा, मात्र तेव्हा पॉइंटची वायर आणि प्लगची वायर दोन्ही बदलाव्या लागतात. पॉइंटचा गॅप ०.३५ मिलिमीटरच्या आसपास ठेवा, आणि गॅप आधी, टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) नंतर, हा क्रम मोडू नका, कारण गॅप हलला की टायमिंग हलते. टायमिंग पिस्टनची जागा मोजणाऱ्या डायल गेजने, प्रत्येक सिलिंडरचे वेगळे लावावे. कानाने टायमिंग लावणाऱ्यांचे कौतुक मी बरेच ऐकले आहे, पण त्यांच्यापैकी कुणाकडेही मी माझी गाडी देणार नाही.

एक गोष्ट आधीच लिहायला हवी होती. हे सगळे तुमच्या हेडलाइटच्या लक्षणावर आधारलेले आहे. आकडे थंड आणि गरम दोन्ही वेळी चौदाच्या वर आले, तर माझे अनुमान तुमच्या गाडीला लागू नाही आणि मग यांत्रिक बाजू पाहावी लागेल. उजव्या प्लगवर ओले तेल, मागे पांढऱ्या धुराचा लोट आणि गिअरबॉक्समधले तेल कमी होत जाणे अशी खूण असेल, तर क्लचच्या बाजूचे क्रँक ऑइल सील गेलेले आहे. प्लग पांढराफटक आणि रेस आपोआप चढत असेल, तर कुठूनतरी हवा आत शिरते आहे, डावीकडचे कोरडे सील किंवा कार्ब्युरेटरचे रबर. त्या स्थितीत गाडी अजिबात चालवू नका, पिस्टन जॅम होईल आणि मागचे चाक लॉक होईल. अशा वेळी इनटेक आणि सायलेन्सरची तोंडे बंद करून पाच-सहा पीएसआय दाबाची हवा भरून ती टिकते का हे पाहणारी लीक टेस्ट करून घ्या. इंजिनात आपोआप तेल सोडणाऱ्या ऑटोल्यूब पंपाच्या खुणाही जुळवून घ्या. पंपावर विश्वास नसेल तर तपासणी संपेपर्यंत टाकीत टू-टी (टू-स्ट्रोकचे) ऑइल मिसळलेले पेट्रोल घाला.

कार्ब्युरेटरला हात लावण्याची वेळ आलीच, तर ती या सर्वांनंतर येते. तीन आकडे इथे कळवा: गरम गाडीवर तीन हजार रेसला बॅटरीचे व्होल्टेज, रोटरचा थंड रोध आणि त्याचाच गरम रोध. तोपर्यंत रात्री घाटात जाऊ नका.