प्रश्न वाचकांचे : मोटरमधला उलटा फिरणारा हिस्सा

प्रश्न : नमस्कार मॅडम. कळमन्याला माझी लहानशी दाल मिल आहे. मोटर 15 एचपीची, 1440 आरपीएमची. दोनदा जळाली, रिवाइंड केली, म्हणून नवा रिले (धोका दिसताच मोटरची वीज तोडणारं उपकरण) बसवला. आता तो भर दुपारी ट्रिप होतो आणि पडद्यावर ‘निगेटिव्ह सिक्वेन्स’ दाखवतो. टाँग टेस्टरवर तीन फेजला 25, 19 आणि 16 अँपिअर येतात, व्होल्टेज 420, 415, 395. एकही आकडा शून्याखाली नाही, मग निगेटिव्ह कुठून आलं? वायरमन म्हणतो, तेवढं फंक्शन बंद करून टाकू. करू का?
— एक दाल मिलवाले, नागपूर

उत्तर : भाऊ, ते फंक्शन बंद करू नका. तुमची मोटर तिसऱ्यांदा जळू नये म्हणूनच रिले धडपडतो आहे.

मोटरच्या दोन वायरी आपसात बदलल्या की ती उलटी फिरते, हे तुमच्या वायरमनला पक्कं ठाऊक आहे. आर-वाय-बी (लाल, पिवळी, निळी फेज) हा क्रम आर-बी-वाय झाला की स्टेटरचं, म्हणजे मोटरच्या स्थिर भागाचं, चुंबकीय क्षेत्र उलट दिशेनं फिरायला लागतं. हा उलटा क्रम म्हणजेच निगेटिव्ह सिक्वेन्स. उणे आकड्याशी त्याचा काही संबंध नाही. चार्ल्स फोर्टेस्क्यू या इंजिनिअरनं 1918 मध्ये दाखवून दिलं की तीन फेज कितीही असमान असल्या तरी त्यांची फोड तीन समतोल संचांत करता येते : एक सुलट क्रमाचा, एक उलट क्रमाचा आणि एक असा की ज्यात तिन्ही फेज एकदमच चढतात-उतरतात. न्यूट्रल न जोडलेल्या तुमच्या मोटरमध्ये तिसऱ्या संचाचा करंट वाहूच शकत नाही. उरतात दोन. सुलट क्षेत्र मोटर ओढतं, उलटं तिला मागे खेचतं, आणि दोन्ही एकाच वेळी चालू असतात.

इतकी वर्षं मशीन्स शिकवताना मी विद्यार्थ्यांना जे गणित फळ्यावर करायला लावायचे, तेच तुम्हीही करून पाहा. तुमच्या मोटरचं सुलट क्षेत्र मिनिटाला 1500 फेऱ्यांच्या वेगानं फिरतं आणि रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, 1440 नं. फरक फक्त 60 चा, म्हणून रोटरच्या सळ्यांत 2 हर्ट्‌झचा संथ करंट वाहतो. उलट क्षेत्राला मात्र तोच रोटर समोरून येताना भेटतो. फरक 2940, म्हणजे 98 हर्ट्‌झ! इतक्या फ्रिक्वेन्सीला करंट सळीच्या वरच्या कडेला गोळा होतो, तिथला रेझिस्टन्स वाढतो आणि रोटर तापतो. साधा ओव्हरलोड रिले लाइनचा करंट बघतो. रोटरच्या आतली ही उष्णता त्याला दिसत नाही.

आता तुमचे आकडे. व्होल्टेजची सरासरी 410, सगळ्यात मोठी तफावत 15 ची, म्हणजे असमतोल सुमारे 3.7 टक्के. करंटची सरासरी 20, तफावत 5 ची, म्हणजे 25 टक्के. व्होल्टेजचा असमतोल करंटमध्ये साधारण सहा ते दहापट होऊन उमटतो, तसाच तुमच्याकडे उमटला आहे. तापमानवाढीचा ढोबळ नियम असा : व्होल्टेजच्या असमतोलाच्या टक्क्यांचा वर्ग करा आणि दुप्पट करा. तुमचं उत्तर 27 टक्क्यांच्या आसपास येतं. वाइंडिंगची तापमानवाढ पाव भागाहून जास्त वाढली, त्यात आपल्याकडचा मे महिना! व्होल्टेजचा असमतोल 1 टक्क्याच्या वर गेला की मोटरवरचा लोड कमी करायचा आणि 5 च्या वर ती चालवायचीच नाही, असा संकेत आहे.

दोष शोधायची जागा मीटरच दाखवेल. मोटर लोडवर असताना परवानाधारक वायरमनकडून तिन्ही व्होल्टेज तीन ठिकाणी मोजून घ्या : मेन स्विचवर, कॉन्टॅक्टरच्या (मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) पुढे आणि मोटरच्या टर्मिनलवर. मेनला ठीक आणि पुढे कमी असेल, तर कॉन्टॅक्टरचे काळे पडलेले पॉइंट किंवा वायरीच्या टोकाचा सैल लग हेच कारण. मेनलाच 395 असेल, तर आधी तुमचे कूलर, एसी, दिवे सगळे एकाच फेजवर आहेत का ते पाहा आणि तिन्ही फेजवर वाटून द्या. तरीही फरक पडला नाही, तर दुपारचे आकडे लिहून वीज कंपनीकडे अर्ज करा. रेल्वेचं 25 केव्हीचं ट्रॅक्शन ग्रिडच्या दोनच फेजमधून वीज घेतं. म्हणूनच एकामागोमागच्या सबस्टेशनांना वेगवेगळ्या फेजजोड्या दिलेल्या असतात. इतकी मोठी यंत्रणा ही काळजी घेते, तुमच्या पॅनेलमध्येही ती घ्यायलाच हवी.

प्रश्न : मी एम.एस्सी. करते आहे. डीएनएतले प्रमोटर (जीन कुठून वाचायला सुरुवात करायची ते ठरवणारे तुकडे) ओळखणारा प्रोग्रॅम करायचा आहे. गाइड म्हणतात, ‘निगेटिव्ह सिक्वेन्सेस’ही, म्हणजे प्रमोटर नसलेल्या पट्ट्याही, जमव. ए, टी, जी, सी ही अक्षरं रँडम जुळवली तर चालेल का?
— एक विद्यार्थिनी, धरमपेठ

उत्तर : चालणार नाही, आणि यात घाई केलीस तर वर्षाची मेहनत वाया जाईल. उदाहरणार्थ, ई. कोलाय या जिवाणूचा जीनोम (संपूर्ण डीएनए) जवळजवळ 51 टक्के जी-सी आहे, पण प्रमोटरच्या पट्ट्यांत ए-टी जास्त असतात. टी-ए-टी-ए-ए-टी हा तर त्यांचा ओळखीचा तुकडा. समान प्रमाणात रँडम अक्षरं घेतलीस, तर प्रोग्रॅम नुसते ए-टी मोजून शंभरपैकी पुष्कळ गुण मिळवेल आणि प्रमोटर शिकणारच नाही. फक्त जीन्सच्या आतल्या पट्ट्या घेतल्यास, तर तो कोडॉनची, म्हणजे तीन अक्षरी संकेतांची, तीन-तीनची लय पकडेल. त्याच जीनोममधून, तितक्याच लांबीच्या पट्ट्या घे. समोरासमोर येऊन संपणाऱ्या दोन जीन्सच्या मधली जागा चांगली, तिथे प्रमोटर असण्याची शक्यता कमी. जोडीला खऱ्या प्रमोटरचीच अक्षरं लगतच्या जोड्यांची संख्या कायम ठेवून फेटलेला दुसरा संच ठेव. दोन्हींवरचे निकाल वेगवेगळे लिही.

प्रश्न : 10, 7, 4, 1... या अंकगणिती श्रेढीत पाचवं पद ऋण येतं. मग बेरीजही पाचव्या पदापासून ऋण व्हायला हवी ना?
— इयत्ता दहावी, महाल

उत्तर : नाही बाळा. आधीची शिल्लक आधी संपावी लागते. बेरजा लिहून पाहा : 10, 17, 21, 22, 20, 15, 7, आणि मग –4. पाचव्या पदापासून बेरीज उतरायला लागते, शून्याखाली जाते आठव्या पदाला. सूत्रानं बेरीज n(23 – 3n)/2 येते. ती ऋण होण्यासाठी n हा 23/3 पेक्षा मोठा हवा, म्हणून 8.