बारा आणि नऊ मिळून एकशे एकोणतीस कसे?

प्रश्न : सकाळ-संध्याकाळ डेअरीला घातलेल्या दुधाची बेरीज करणारा छोटा प्रोग्रॅम मी पायथॉनमध्ये लिहिला. १२ आणि ९ लिटर टाकले, तर उत्तर २१ ऐवजी १२९ येते. १२.५ आणि ९.५ टाकले, तर चक्क १२.५९.५ दिसते. माझे कुठे चुकते?
— बारावीचा एक विद्यार्थी, सांगली जिल्हा

उत्तर : तुमची बेरजेची ओळ बरोबर आहे, चूक तिच्या आधीच्या ओळींत आहे. ‘इनपुट’ हे फंक्शन आपण टाइप केलेले सारे स्ट्रिंग म्हणून, म्हणजे नुसती अक्षरे म्हणून परत देते, आणि अधिकचे चिन्ह दोन स्ट्रिंगची बेरीज न करता त्या एकमेकींना जोडते. म्हणून १२ च्या शेजारी ९ येऊन बसला. १२.५९.५ मध्ये तर हा सांधा स्पष्टच दिसतो.

उपाय असा, की प्रत्येक ‘इनपुट’ स्वतंत्रपणे ‘फ्लोट’च्या, म्हणजे अक्षरांचे दशांश संख्येत रूपांतर करणाऱ्या फंक्शनच्या, कंसात घ्यावे आणि मगच बेरीज करावी. आधी जोडून मग ‘फ्लोट’ लावले, तर १२९.० हेच उत्तर येईल. ‘इंट’ येथे उपयोगाचे नाही, कारण ते फक्त पूर्णांक घेते आणि १२.५ टाकताच ‘व्हॅल्यू एरर’ देऊन थांबते. (देवनागरीत टाइप केलेले १२ मात्र दोन्ही फंक्शने बिनतक्रार स्वीकारतात, घरच्यांसाठी प्रोग्रॅम मराठीत करायचा असेल तर हे जरूर करून पाहा.) पुढे दराने गुणून पैशांचा हिशोब कराल, तेव्हा ‘फ्लोट’ऐवजी ‘डेसिमल’ हा दशांश संख्या नेमक्या ठेवणारा प्रकार वापरा, कारण ‘फ्लोट’मध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीजसुद्धा नेमकी ०.३ येत नाही.

जुन्या पुस्तकांत हे रूपांतर दिसत नाही, कारण पायथॉन २ मधले ‘इनपुट’ टाइप केलेला मजकूर थेट कोड म्हणून चालवत असे. त्यामुळे संख्या आयती मिळे, पण वापरणाऱ्याला हवा तो कोडही चालवता येई, आणि हा धोका फार मोठा होता. २००८ मध्ये आलेल्या पायथॉन ३ ने ही पद्धत बंद केली, ते मला अगदी योग्य वाटते. टाइप केलेले ०४५ हे वजन आहे की डेअरीच्या कार्डावरचा सभासद क्रमांक, हे संगणकाला कळणार नाही. ते तुम्हालाच ठरवावे लागते. सभासद क्रमांकाला ‘इंट’ लावलेत, तर पुढचे शून्य गळून ४५ उरेल. तो स्ट्रिंगच राहू द्या.