जिन्याने जायची सवय लागावी म्हणून डायरी लिहिण्याचा खरंच उपयोग होतो का? नेमकं काय लिहायचं?

तुम्ही लिहिलंय की बाणेरला सातव्या मजल्यावर राहता, ऑफिस चौथ्या मजल्यावर आहे, जिन्याने जायचा निश्चय आठवडाभर टिकतो आणि मग पाय आपोआप लिफ्टकडे वळतात. डायरीचा उपयोग होतो. माझं घर कोथरूडला पाचव्या मजल्यावर आहे आणि जड सामान नसेल तर आता मी लिफ्टचं बटण दाबत नाही, ते त्या वहीमुळेच. पण वहीत काय लिहिता यावर सगळं अवलंबून आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बहुतेक जण चढलेले मजले लिहितात. ते काम फोन किंवा हातातलं घड्याळ करतंच. शिवाय कॅलरींचा हिशेब मांडायला बसलात तर हिरमोड होईल. सत्तर किलोच्या माणसाला एक मजला चढायला साधारण दोन कॅलरी लागतात, म्हणजे तुमच्या घरापर्यंतच्या सगळ्या जिन्यांची मिळून पाव पोळीही होत नाही. जिन्याचा खरा फायदा दम वाढण्यात आणि मांड्या बळकट होण्यात आहे, आणि तो थोड्या थोड्या चढण्यानेही मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या सूचनांमध्ये व्यायाम सलग दहा मिनिटं तरी हवा ही जुनी अट काढून टाकली. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांची मध्यम हालचाल सांगितली आहे आणि जिन्यातली दोन मिनिटंही त्यात धरायची.

वहीत लिहायचा तो खाडा. कॅलेंडरवर आपण दुधाचा खाडा मांडतो तसाच. ज्या वेळी लिफ्टने गेलात त्या वेळी का गेलात, ते एका ओळीत, तिथल्या तिथे. 'कंटाळा आला' असं मात्र लिहायचं नाही, कारण त्यातून पुढे काहीच हाती लागत नाही. हातात काय होतं, सोबत कोण होतं, शेवटचं कधी खाल्लं होतं, पायात काय घातलं होतं, हे लिहायचं. माझ्या वहीतल्या ओळी साधारण अशा असायच्या:

'मंगळवार संध्याकाळ. लॅपटॉपची बॅग आणि गिरणीतून आणलेलं दळण. लिफ्ट खालीच उभी.'

'गुरुवार. शेजारचे काका सोबत, त्यांच्या डोळ्याच्या ऑपरेशनबद्दल बोलणं चालू होतं.'

'शुक्रवार. दुपारच्या डब्यानंतर काही खाल्लं नाही. आठ वाजले.'

'दुसऱ्या मजल्यावरचा दिवा गेलाय.'

वही चपलांच्या स्टँडवर ठेवली होती आणि पेन दोऱ्याने स्टँडलाच बांधलं होतं. बूट काढायच्या आधी ओळ लिहायची. रात्री झोपताना लिहायला घेतलं की दिवसाची आठवण पुसट होते आणि मग आपण 'दमलो होतो' एवढंच लिहून मोकळे होतो. फोनमध्ये लिहायचा विचार करत असाल तर माझा सल्ला नाही म्हणूनच आहे. फोन उघडला की तीन मेसेज दिसतात आणि ओळ राहून जाते.

दोन आठवड्यांच्या ओळी एकत्र वाचल्या तेव्हा चित्र स्पष्ट झालं. सकाळचा खाडा जवळजवळ नव्हताच. सगळे संध्याकाळचे, आणि त्यातले बरेच उपाशीपोटीचे. निश्चय कमी पडत होता असं मला तोवर वाटायचं, पण कमी पडत होतं चार वाजताचं खाणं. मग ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये चणे-शेंगदाणे आणि गुळाचा डबा ठेवला. दळणाचा दिवस ठरवून लिफ्टचा केला, तो खाडा धरायचाच नाही. काकांना 'तुम्ही व्हा पुढे, मी जिन्याने येतो, वर भेटू' असं सांगायला लागलो. त्यांना त्यात काही वाटलं नाही, मलाच उगाच अवघड वाटत होतं. दिव्यासाठी सोसायटीच्या कमिटीला पत्र दिलं आणि तो लागेपर्यंत दोनदा आठवण केली.

या शेवटच्या गोष्टीकडे तुम्ही नक्की लक्ष द्या. नव्या टॉवरमध्ये जिना जड दारामागे असतो, तिथे अंधार असतो आणि लोक सायकली, रिकाम्या कुंड्या, जुन्या गाद्या तिथेच ठेवतात. अशा जिन्यात कुणाला चढावंसं वाटेल? तुमच्या वहीत 'अंधार', 'वास', 'एकटीला किंवा एकट्याला नको वाटलं' असं पुन्हा पुन्हा येत असेल तर दोष तुमच्या इच्छाशक्तीचा नाही. आग लागली तर बाहेर पडायचा रस्ता तोच असतो. २००६ चा महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे, त्याचा उल्लेख करून सोसायटीला लेखी कळवा. कमिटी 'बघू' म्हणाली तरी पाठपुरावा सोडू नका. यात सगळ्या बिल्डिंगचं भलं आहे.

किती दिवस लिहायचं? युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर सवयींचा अभ्यास केला होता, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. अंगवळणी पडायला लागलेल्या काळाचा मध्य ६६ दिवस निघाला, पण माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. एकवीस दिवसांचं जे सगळीकडे ऐकू येतं ते डोक्यातून काढून टाका. त्याच अभ्यासात असंही दिसलं की मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. खाडा लिहिताना मनाला लावून घेऊ नका, असं मी म्हणतो ते यासाठीच.

आता तुमच्या सातव्या मजल्याबद्दल. मजल्याला वीस पायऱ्या धरल्या तर पर्वतीच्या १०३ पायऱ्यांपेक्षा त्या जास्त होतात. रविवारी हौसेने पर्वती चढणं आणि रोज ऑफिसातून परतताना एवढं चढणं यात फार फरक आहे, तेव्हा पहिल्या दिवसापासून सातही मजले नकोत. लिफ्टने चौथ्यापर्यंत जा, तिथे उतरा, उरलेले तीन चढा. खालून तीन मजले चढून मग लिफ्टची वाट बघण्यापेक्षा हे सोपं जातं, कारण पुढे घरच असतं. ते सहज जमायला लागलं की तिसऱ्यावर उतरा. ऑफिसचे चार मजले मात्र सकाळी पूर्ण चढून बघा, सकाळी पाय ताजे असतात.

उतरताना बिनधास्त लिफ्ट घ्या, निदान सुरुवातीला. गुडघ्याच्या वाटीवर उतरताना जास्त ताण येतो आणि मांड्याही उतरण्यानेच जास्त दुखतात. पहिल्या आठवड्यातल्या त्या दुखण्याला घाबरून कितीतरी जण जिना सोडतात. चढताना छातीत दुखलं, चक्कर आली किंवा दम नेहमीपेक्षा फार लागला तर थांबा आणि आधी डॉक्टरांना दाखवा. हृदयविकार किंवा गुडघ्याचा जुना त्रास असेल तर सुरुवातच विचारून करा.

आणि वही कायमची लिहायची नसते. लिफ्टपाशी विचार न करता पाय जिन्याकडे वळायला लागले की लिहिणं थांबवा. आजारपण, लांबचा प्रवास किंवा घरबदल झाला की दोन आठवडे पुन्हा लिहा, कारण तेव्हा खाड्यांची कारणं नवी असतात.